मला सौनात टांगले तेव्हा

मित्रांनो, मी न्हाणीघरातला एक जुना दिवा आहे. पितळी बूड, रबरी कडे आणि दुधी काचेचा गोळा, एवढाच माझा ऐवज. मी जिथे घडलो त्या कारखान्यात एका बाईने मला पाण्याच्या फवाऱ्याखाली धरले आणि आत थेंबही शिरला नाही हे पाहिले. हा ओलाव्याला भिणार नाही, असे ती शेजारणीला म्हणाली. उष्णतेबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

एका सुताराच्या घरी, न्हाणीघराच्या दारावर मला जागा मिळाली. घरात सुतार, त्याची बायको, शाळकरी मुलगी आणि सुताराचे वडील. वडिलांनी चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त केली होती, म्हणून सगळे त्यांना घड्याळआजोबा म्हणत. सून दर महिन्याला माझी काच पुसायची. याचा उजेड डोळ्यांना टोचत नाही, असे आजोबा म्हणाले की मी दिवसभर हवेत तरंगायचो.

पुढे सुताराने आरसा समोरच्या भिंतीवर हलवला आणि माझी झोप उडाली. आजोबा दाढी करायला उभे राहिले की मी त्यांच्या पाठीमागे. त्यांचीच सावली त्यांच्या चेहऱ्यावर पडे. रोज हनुवटीला नवा ओरखडा. सगळे म्हणत, वय झाले, नजर गेली. हळूहळू आजोबांनाही ते पटू लागले. चूक नजरेची नव्हती, जागेची होती. पण सांगायला मला तोंड कुठे होते? मी नुसता जळत राहायचो.

आजोबांची बोटेही आखडू लागली होती. शेकाने बरे वाटते, म्हणून सुताराने स्वतःच्या हाताने घरात सौना, म्हणजे गरम हवेत अंग शेकायची खोली, बांधली. फळ्यांची छोटी खोली, खालीवर दोन बाके, कोपऱ्यात विजेची शेगडी. शेगडी जोडायला वायरमन काकू आल्या. त्यांनी सुताराला बजावले, की आत साधा दिवा चालणार नाही, छताशी तर मुळीच नाही, कारण सगळी धग वर चढते. उष्णता सोसणारा दिवा त्या मागवणार होत्या आणि तो खाली, बाकाच्या आड लावणार होत्या. यायला आठवडा लागणार होता.

सुतार हो हो म्हणाला. पण रविवारी आजोबांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होणार होती आणि त्याला धीर धरवेना. शनिवारी त्याने मला उतरवले आणि सौनाच्या छताला बसवले. ‘दिवा तो दिवा, त्यात काय एवढं आखायचं?’ असे तो बायकोला म्हणाला.

रविवारी दुपारी आजोबा वरच्या बाकावर, अगदी माझ्याखाली, डोळे मिटून बसले. बोटे सैल होत होती. चेहऱ्यावर समाधान होते. इकडे माझे रबरी कडे मऊ पडू लागले, तारेला वास येऊ लागला. मला विझायचे होते. मित्रांनो, दिव्याला स्वतःहून विझता येत नाही. मी लुकलुकलो, पुन्हा लुकलुकलो. आजोबांचे डोळे मिटलेलेच.

मग मी फुटलो. काचा त्यांच्या खांद्यावर आणि जमिनीवर पडल्या. खोलीत अंधार, शेगडी तशीच तापलेली आणि त्यांचे पाय अनवाणी.

अंधारातून त्यांचा शांत आवाज आला. ‘काच पडलीय. मी हलत नाही. आधी वीज बंद करा.’

सुनेने धावत जाऊन मुख्य बटण पाडले. सुतार बूट घालून आत शिरला आणि वडिलांना पाठीवर घेऊन बाहेर आला. खांद्यावर दोन जखमा होत्या, खोल नव्हत्या. सुताराने त्या फडक्याने पुसल्या. दिवाच खराब निघाला, असे तो पुटपुटला.

‘घाई तुझी होती,’ आजोबा म्हणाले. ‘दिव्याची नाही.’

दुसऱ्या दिवशी काकू कागद-पेन्सिल घेऊन आल्या. रागावल्या नाहीत. आधी त्यांनी आजोबांना आरशासमोर उभे केले, मग बाकावर बसवले, आणि उजेड कुठून येतो, डोळे कुठे जातात, पाणी कुठवर उडते ते नात कागदावर उतरवत गेली. आरशाच्या दोन्ही बाजूंना एकेक दिवा आला. सौनातला नवा दिवा खालच्या बाकाआड बसला. त्याच्यापुढच्या लाकडी पट्टीवर सुताराने तीनदा रंधा मारला. आठवड्याभरात आजोबांची हनुवटी गुळगुळीत झाली. ‘अगं, मला दिसतंय,’ असे ते सुनेला म्हणाले.

माझ्या बुडावर काकूंनी नवी काच चढवली आणि मला बाहेरच्या कोरड्या बोळात लावले. तरी शेगडी तापली की मी बेचैन होतो. आजोबा बाहेर येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

मित्रांनो, दिवा लावण्याआधी तिथे माणूस कसा बसतो, कसा उभा राहतो, ते जरा बघा. आणि त्या जागी आमचा निभाव लागेल का, हे जाणत्याला विचारा. तुम्ही जिथे लावाल तिथे आम्ही जळतो. नको म्हणणे आम्हाला जमत नाही. ते तुम्हीच म्हणायला हवे.