पाहुण्याच्या फळीवर एर्ची

"होडी आडवी ने गं. सरळ कुठे निघालीस, समुद्रावर?"

"काका, आज तुम्ही पाहुणे आहात. पाहुण्यांनी गप्प बसायचं असतं," वल्ही मारत इश्बेल म्हणाली.

"आजवर कुठला बसलाय?"

एर्ची मेंझीस चाळीस वर्षं टे नदीवर पाहुण्यांची होडी वल्हवत होता. प्रवाहात होडी या काठावरून त्या काठाकडे न्यायची, मागे तीन काठ्यांचे गळ सोडलेले, प्रत्येक दोऱ्याचा एक वेढा होडीच्या तळाशी दगडाखाली दाबलेला. दगड उडाला की समजायचं, सॅमन लागला. म्हणजे मासा शोधायचा एर्चीने, गळाला लावायचा एर्चीने, मग पेंगणाऱ्या साहेबाला हलवून काठी त्याच्या हातात द्यायची. फोटो साहेबाचा निघे. त्यात एर्चीची अर्धी टोपी येई. त्याच्या स्वतःच्या नावावर वसंतात समुद्रातून ताजा आलेला एकही सॅमन नव्हता. आज नोकरीचा शेवटचा दिवस, म्हणून मालकांनी त्याला पाच वाजेपर्यंत पाहुण्याची बसायची फळी बहाल केली होती. त्याची जागा घेणारी पुतणी वल्ह्यांवर होती.

"आज मासा धरल्याशिवाय उतरत नाही मी," त्याने सकाळीच बजावलं होतं.

दुपारपर्यंत एक फांदी लागली आणि एक हंस चिडला.

चार वाजता मधला दगड उडाला. एर्ची झेपावला, करकरणाऱ्या रिळासकट काठी उचलली आणि चाळीस वर्षांच्या सवयीने इश्बेलच्या हातात कोंबली. "घ्या साहेब, टोक वर ठेवा."

"अहो काका, साहेब तुम्ही आहात!"

काठी सांभाळताना तिची वल्ही सुटली. होडी गरागरा फिरली, एर्ची सँडविचवर बसला.

"दे इकडे माझी काठी!"

"तुम्हीच दिलीत की."

त्याने काठी हिसकावून घेतली आणि पुढची वीस मिनिटं माशाला दमवलं. मासा हातजाळ्यात आला तेव्हा नव्या चमच्यासारखा लखलखत होता.

"समुद्रातून ताजा आलाय, काका! टोपी सरळ करा, फोटो काढते."

एर्चीने माशाच्या पोटावरून बोट फिरवलं. पोट खपाटीला गेलेलं. त्याने कल्ला उचलून पाहिला. आत पांढऱ्या अळ्या.

"जुनी मादी आहे. हिवाळ्यात अंडी घालून रिकामी झालेली. परत समुद्रात चाललीय. असली धरलेल्यांत मोजत नाहीत."

"नाहीतरी सगळे सोडूनच द्यायचे असतात. मी नाही सांगणार कोणाला."

"पाहुण्यांना मी तोंडावर सांगायचो. एक न्यायाधीश रडले होते."

तो गुडघ्यांवर वाकला, शेपटी धरून माशाचं तोंड प्रवाहाकडे केलं. बर्फाच्या पाण्यात हात लाल झाला. हळूहळू शेपटीत जोर आला, तिने एक हिसका दिला.

"गेली, काका," इश्बेल जरा वेळाने म्हणाली. हात अजून पाण्यातच होता.

"किती वाजले?"

"पावणेपाच. परत फिरूया?"

"पंधरा मिनिटं आहेत की."

त्याने नवा गळ घेतला. गारठलेली बोटं वाकेनात, म्हणून गाठ दातांनी आवळली.