मास्तर धुलाईघरात

चर्चच्या मंडळीत पुढारीपणाचं शिक्षण घेण्यासाठी बारा जणांची निवड झाली, त्यात धुलाईघरातल्या मावशींचं नाव निघालं तेव्हा त्यांना वाटलं, कुणाची तरी चूक झाली असणार. अकरा वर्षं त्या इस्पितळाच्या धुलाईघराच्या मुकादम होत्या. प्रार्थनेला नियमित जायच्या, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडायची.

वर्ग मास्तर घ्यायचे. सत्तरी ओलांडलेले, सडपातळ, आवाज इतका हळू की ऐकायला सगळ्यांना पुढे सरकावं लागे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "सोमवारी दिवसभर काय करता, ते लिहून आणा. रविवारचं मला ठाऊक आहे."

बाकीच्यांनी पानंच्या पानं भरून आणली. मावशींनी एकच ओळ लिहिली होती: चादरी धुते. कागद देताना त्या अगदी कानकोंड्या झाल्या.

मास्तरांनी ती ओळ दोनदा वाचली. म्हणाले, "येत्या सोमवारी मी येऊ का कामाला?"

मावशींना वाटलं, थट्टा असेल. पण सोमवारी सकाळी सातला मास्तर बाह्या दुमडून दारात हजर. वाफेनं चष्मा धूसर झालेला, तरी घड्या घालायला बसले. त्यांच्या घड्या इतक्या वाकड्या की इस्त्रीवाली तोंड फिरवून हसत होती.

"ही चादर कुणाच्या अंगाखाली जाणार?" त्यांनी विचारलं.

"वरच्या मजल्यावर जाते. तिथं कोण असतं, मला काय माहीत?"

"कधी गेला नाहीत?"

जेवणाच्या सुट्टीत मावशी काहीतरी निमित्त काढून वर जाऊन आल्या. एक म्हातारी नुकतीच कुशीवर वळली होती आणि चादरीला घातलेल्या ठिगळाची जाड शिवण नेमकी तिची सोललेली पाठ टेकायची तिथं होती. मावशींनी स्वतःच्या हातानं चादर बदलली. खाली येऊन ठिगळाच्या सगळ्या चादरी वेगळ्या काढायला सांगितल्या.

तेवढ्यात मास्तरांनी, मदत म्हणून, मळक्या कपड्यांच्या गाडीवर धुतलेला गठ्ठा रचून ठेवला.

"अहो मास्तर!" मावशींचा आवाज चढला. "त्या गाडीला हात कुणी लावायला सांगितला? आजाऱ्यांची घाण असते तीत. सगळा गठ्ठा पुन्हा धुवावा लागणार."

मास्तर म्हणाले, "चुकलं माझं. कुठलं यंत्र, दाखवा." आणि पाळी संपल्यावरही तासभर थांबून त्यांनी तो गठ्ठा पुन्हा धुऊन, वाळवून दिला.

घरी नवऱ्यानं कपाळावर हात मारला. "शिकायला गेलीस, आणि मास्तरांनाच कामाला लावून आलीस?"

पुढच्या वर्गात मास्तर फळ्यापाशी उभे राहिले. "देवानं पहिल्या माणसाला बागेत ठेवलं, ते तिची मशागत आणि राखण करायला. हे मी चाळीस वर्षं शिकवतोय. राखण कशी करतात, ते सोमवारी एका बाईंनी मला रागावून शिकवलं. मी कामात चुकलो, आणि माझ्या चुकीनं कुणाला तरी इजा झाली असती. आजचा वर्ग त्या घेतील."

एवढं बोलून ते मागच्या बाकावर जाऊन बसले.

मावशी उठल्या. सुरुवात दोनदा अडखळली. मग त्यांनी मळक्या आणि धुतलेल्या कपड्यांच्या दोन गाड्यांबद्दल सांगितलं, त्यांच्या ये-जा करायच्या दोन वेगळ्या दारांबद्दल सांगितलं, आणि कुणी बघत नसतानाही हे कपडे एकमेकांत का मिसळायचे नाहीत ते सांगितलं. वरच्या म्हातारीच्या पाठीबद्दल सांगताना आवाज कापला, पण त्या थांबल्या नाहीत. "इतकी वर्षं मला वाटायचं, देवाचं काम रविवारी आणि पोटाचं सोमवारी," त्या म्हणाल्या. "तसं नसतं."

वर्गातल्या किराणा दुकानदारानं आपल्या वजनकाट्याबद्दल काहीतरी विचारलं. शाळेतल्या शिक्षिकेनं तपासायच्या राहिलेल्या वह्यांचा विषय काढला. बोलणं असं रंगलं की वेळेचं भान कुणालाच राहिलं नाही.

मावशींनी मागे पाहिलं. मास्तर मान खाली घालून भराभर लिहून घेत होते.