अकरा किलोमीटर

जपानमधल्या कुरायोशी गावात, गाड्यांच्या शोरूममध्ये नोरिओ त्सुकुदा बावीस वर्षं सर्व्हिसच्या टेबलावर बसत होता. कोणाच्या गाडीची सहामाही तपासणी कधी आहे ते बघायचं, आठवडाभर आधी फोन करायचा, आणि गाडी आत गेली की गिऱ्हाइकाला कॉफी द्यायची, हे त्याचं काम. साहेब म्हणायचे, "गाडी एकदाच विकली जाते, माणूस दर सहा महिन्यांनी परत यायला हवा."

हामासाकीबाई तशाच येत. वय एक्क्याऐंशी, पांढरी छोटी गाडी. एप्रिल आणि ऑक्टोबर, कधी चुकल्या नाहीत. ऑक्टोबरात येताना नाशपातीची पिशवी आणत.

त्या ऑक्टोबरात साहेबांनी त्याला बाजूला घेतलं. "बाईंची गाडी नऊ वर्षांची झाली. आज नवं मॉडेल दाखव. तुझा शब्द मोडायच्या नाहीत."

नोरिओने गाडीचा कागद पाहिला. गेल्या वेळेपासून गाडी फक्त अकरा किलोमीटर चालली होती. त्याला वाटलं, आकडा चुकला. मग डोक्यात उजेड पडला. बाईंचं घर इथून साडेपाच किलोमीटर. एप्रिलमध्ये इथून घरी, आणि आज घरून इथे.

तो त्यांच्यासमोर जाऊन बसला. "बाई, गाडी कुठे नेतच नाही का?"

"कुठे नेऊ? दवाखान्याची गाडी दारात येते. भाजीवाला मंगळवारी येतो. तुम्ही सांगितलंत ना, बॅटरी उतरू देऊ नका? म्हणून रोज सकाळी अंगणात इंजिन तेवढं चालू करते."

"मग गाडी ठेवलीय कशाला?"

"इथं यायला नको?" बाई हसल्या.

नव्या मॉडेलची पत्रकं त्याच्या हातातच राहिली. खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं. तो हळूच म्हणाला, "बाई, खरं सांगू? तेल बदलायची गरज नाही. गाडीचीच गरज नाही. या वयात रस्त्यावर उगाच जीव धोक्यात कशाला घालायचा?"

बाईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे येऊ नको म्हणता."

"तसं नाही हो..."

"बरोबरच आहे तुमचं," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

तीन आठवड्यांनी त्यांचा पुतण्या येऊन गाडी देऊन गेला. बाईंनी परवानाही पोलिसांकडे परत केला होता. गाडी गेली तसं तपासणीच्या यादीतून बाईंचं नावही गेलं. आपण भलं केलं, असं नोरिओ स्वतःला समजावत राहिला. साहेब मात्र आठवडाभर त्याच्याशी धड बोलले नाहीत.

हिवाळा लांबला. नोरिओ एकटाच राहायचा. बायको मुलीला घेऊन हिरोशिमाला गेली त्याला दहा वर्षं झाली होती. अंघोळीचं पाणी तापलं की न्हाणीघरातलं यंत्र बायकी आवाजात तसं सांगायचं. घरात त्याच्याशी बोलणारं तेवढंच.

एप्रिल आला. यादीतल्या सगळ्यांना फोन झाले, तरी कोणीतरी राहिल्यासारखं त्याला वाटत होतं. दुपारी धुलाईच्या शेडमागे जाऊन त्याने स्वतःच्या फोनवरून नंबर लावला. तो पाठच होता.

"गाडी नाही आता," आवाज ओळखून बाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे."

"मग कंपनीने काही सांगायला लावलंय का?"

"नाही. मीच केला."

इतक्या वर्षांत ते टायर, बॅटरी, वायपर यांवरच बोलत आले होते. आता ते काहीच उरलं नव्हतं, आणि दोघांनाही दुसरा विषय सापडेना. पण फोन कोणीच ठेवला नाही. बाईंच्या घरातलं घड्याळ त्याला ऐकू येत होतं.

शेवटी त्यांनी विचारलं, "जेवलात का?"

"नाही अजून."

"दोन वाजून गेले. आधी जेवून घ्या बघू," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

तो तसाच उभा राहिला. मग फाटकातून एक गाडी आत वळली, तसा तो टोपी सारखी करत पुढे गेला आणि कमरेत वाकून त्याने नमस्कार केला.