मोठ्या विमानामागची वावटळ

धावपट्टीच्या कडेला खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा केशरी कापडाचा विंडसॉक लोंबत होता. तो फुगला नव्हता, पण अगदी मेलेलाही नव्हता. त्याचं टोक मधूनच डावीकडून उजवीकडे एवढंसं सरकायचं, झोपलेल्या वासराच्या कानासारखं, आणि पुन्हा गप्प व्हायचं. प्रांजल त्या टोकाकडे बघत होती. चांगला वारा असता तर बरं होतं. अजिबात नसता तरी एक वेळ चाललं असतं. हा असला आडवा, आळशी वारा मात्र तिला नको होता.

तिच्या मागे, प्रवाशांच्या जागी, झेंडूच्या पाकळ्यांची पोती रचली होती. शेजारच्या सीटवर सत्यजीत. विमान त्याचं, कंपनी त्याची; विमान चालवण्याचं लायसन तेवढं त्याच्याकडे नव्हतं.

"काय बघताय मॅडम? चला की! गोरज मुहूर्त आहे, कोण थांबतंय आपल्यासाठी?"

लग्न प्रांजलच्या चुलतभावाचं, सार्थकचं. न्हावऱ्याचं वऱ्हाड दुपारीच दौंडकडच्या लॉनवर पोचलं होतं. गेल्या वर्षी निमोण्यात एक नवरदेव हेलिकॉप्टरनं उतरला आणि तेव्हापासून सार्थकच्या वडिलांना, सर्जेरावआबांना, चैन पडेनासं झालं होतं. आपली सख्खी पुतणी विमान चालवते, तर शेवटच्या मंगलाष्टकाला फुलं आभाळातूनच पडली पाहिजेत, असं त्यांनी सोसायटीच्या चेअरमनपासून किराणा दुकानापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. प्रांजलची ही नोकरीही आबांच्याच शब्दानं लागली होती.

आत्ताच एक भलंमोठं प्रवासी विमान त्यांच्या पुढून उडून गेलं होतं. या छोट्या विमानाला धावपट्टीच्या मध्यावरून शिरायला सांगितलेलं, आणि त्या मोठ्याचं नाक उचललं गेलं ते नेमकं त्यांच्यासमोर. विमानानं जमीन सोडली की त्याच्या दोन्ही पंखांच्या टोकांशी हवा पिळवटते आणि दोन आडव्या वावटळी मागे सोडून ते निघून जातं. त्या हळूहळू खाली बसतात आणि एकमेकींपासून बाजूला सरकतात. जोराचा वारा त्यांना उधळून लावतो. पण मंद आडवा वारा त्यातल्या एकीला धावपट्टीवरून हलूच देत नाही. शिवाय ती दिसत नाही.

दोन विमानांमध्ये सोडायची नियमाची मिनिटं भरली. टॉवरनं उड्डाणाची परवानगी दिली आणि रीतीप्रमाणे पुढे जोडलं, पुढच्या विमानाच्या वावटळीपासून सावध राहा.

"झालं! दिली परवानगी," सत्यजीत म्हणाला.

प्रांजलचा हात इंजिनाचा जोर वाढवणाऱ्या थ्रॉटलवर होता. तो पुढे सरकला नाही.

दिवाळीतही असंच झालं होतं. मोठ्या विमानामागून उतरताना तिला अंतर वाढवायचं होतं, आणि पाहुण्यांना जेवायला उशीर होतोय म्हणून सत्यजीत मागे लागला. तिनं ऐकलं. जमीन जवळ आलेली असताना डावा पंख असा खाली गेला, जणू कुणी मनगट धरून पिरगाळलं. क्षितिज शिडीसारखं उभं राहिलं. ती कशीबशी सावरून उतरली. सत्यजीतनं हसत पाहुण्यांना सांगितलं, "ढगातला खड्डा हो." त्या दिवशी आभाळात ढगाचं नखही नव्हतं. याचं विमान आता चालवायचं नाही, असं तिनं तेव्हाच मनाशी म्हटलं होतं. पण आबांचा शब्द आडवा आला, मग सण आले, मग सार्थकचं लग्न ठरलं.

तिनं माइकचं बटण दाबलं. आत्ता उड्डाण करू शकत नाही, म्हणाली. अजून वेळ हवा, आणि शक्य असेल तर धावपट्टीची पूर्ण लांबी, म्हणजे मोठ्यानं जमीन सोडली त्या जागेच्या आधीच तिला हवेत जाता येईल. टॉवरचा आवाज शांत होता. चालेल, पण उतरणारी विमानं रांगेत आहेत, मागे जाऊन थांबावं लागेल.

"मागे?" सत्यजीत ओरडला. "अहो, टॉवरवाले मूर्ख आहेत का? त्यांनी दिली ना परवानगी?"

"दिली. सावधही केलं. सावध करणं त्यांचं काम, सावध राहणं माझं."

"तुम्ही फार पुस्तकी आहात."

"विमान पुस्तकावरच उडतं."

सत्यजीतनं फोन हेडफोनला जोडला. "थांबा, तुमच्या आबांनाच विचारतो."

दोघांच्याही कानात एकदम बँडबाजा घुसला. मग आबांचा आवाज, "कुठवर आला रं सत्यजीत? बामण घाई करतोय!"

"आबा, तुमची पुतणी जागची हलेना. मोठ्या विमानाला घाबरली."

"प्रांजल! अगं, अख्खा तालुका मान वर करून बसलाय. मोठं विमान गेलं न्हवं पुढं? मग त्याच्या मागं मागं यायचं, त्यात काय हाय?"

"आबा, उसाची डबल ट्रॉली वारं कापत गेली, तर तिच्या ढुंगणाला मोटरसायकल लावता का तुम्ही?"

"आता ट्रॉलीचं काय मधीच?"

"लावता का?"

"न्हाई," आबा म्हणाले. "फेकती ती."

"तिची धूळ तरी दिसती. ह्याची ती बी दिसत न्हाई."

मध्येच सार्थकनं फोन ओढून घेतला. "ताई, नवरी इचारती, फुलं ताजी पडणार का निर्माल्य?"

"तू अंतरपाटाकडं बघ," प्रांजल म्हणाली. "फोन आबांना दे."

आबांचा आवाज आता खाली आला होता. माणसांपासून दूर गेले असावेत. "पोरी, मी शब्द टाकला म्हणून हितं लागलीस तू. चारचौघांत माझं नाक कापलं जाईल, कळतंय का तुला? एकडाव ऐक माझं."

"दिवाळीत ऐकलं होतं एकदा," ती म्हणाली. "सत्यजीतरावांचं. विमान उलटता उलटता राहिलं, आबा. तुम्हाला बोलले न्हाई मी."

सत्यजीतनं फोनकडे हात नेला. प्रांजलनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. हात तिथंच राहिला.

"खरं का ह्ये?" आबांनी सत्यजीतला विचारलं.

तो पोत्यातून सांडलेल्या पाकळ्या बोटानं गोळा करत राहिला.

प्रांजलनं विमान मागे वळवलं. समोर उतरणाऱ्या विमानाचे दिवे दिसत होते आणि विंडसॉकचं टोक पुन्हा एवढंसं सरकलं. कानात भटजींनी शेवटचं मंगलाष्टक सुरू केलं होतं.

"आबा, अक्षता टाका, वाट बघू नका," ती म्हणाली. "फुलं येणार न्हाईत. आन् आजपासून सत्यजीतरावांचं विमान मी चालवणार न्हाई."