गाठीच्या अलीकडे

जुन्या काचपट्टीवरच्या लालसर नलिकेचं टोक लसिकागाठीच्या दीड मिलिमीटर अलीकडे थांबलं होतं. ताईंनी पट्टी फिरवून पुन्हा मोजलं. दीडच.

सहा आठवड्यांच्या उंदराच्या मादीत असं होत नाही. ती वयात येताना इस्ट्रोजेन स्रवू लागतं, स्तनाच्या चरबीत नलिकांना फांद्या फुटतात आणि त्या ही गाठ ओलांडून पुढे जातात. ताईंनी ज्या माद्यांमधलं एक जनुक काढून टाकलं, त्यांच्यात मात्र नलिका पुढे सरकल्याच नाहीत. या जनुकाशिवाय हार्मोनचा निरोप पोचत नाही, असा त्यांचा शोधनिबंध छापून आला, त्याला चार वर्षं झाली. सगळी प्रयोगशाळा त्यांना ताई म्हणू लागली ती तेव्हापासून.

गेल्या वर्षी जुनी कपाटं आवरताना त्याच माद्यांच्या पिंजऱ्याचं कार्ड हाती लागलं. त्यावर दोन वेतांच्या जन्मतारखा होत्या. आधीचं वेत दुसऱ्या पिंजऱ्यात हलवलेलं, आणि ताईंनी घाईत उतरवून घेतली होती ती त्याचीच तारीख. त्यांनी कापलेली पिल्लं धाकटी, जेमतेम तीन आठवड्यांची, अजून वयातच न आलेली. अंगानं लहान दिसली तेव्हा तेही त्यांनी जनुकाच्याच माथी मारलं होतं. कार्ड ड्रॉवरच्या तळाशी गेलं. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, सरांना, उद्या सांगू, असं ठरलं. असे उद्या बरेच झाले.

दरम्यान पीएचडीच्या विद्यार्थिनीनं, चिमणीनं, तोच प्रयोग सात वेळा केला. सतत चिवचिवणारी म्हणून चिमणी. हल्ली बोलत नव्हती. सातही वेळा नलिका गाठ ओलांडून गेल्या. आजच्या बैठकीत सरांनी तिला विचारलं, उंदरांनी तुझ्याविरुद्ध कट केलाय का? सगळे हसले. ताईही थोड्या हसल्या, आणि त्यांचे कान तापले.

चिमणी वही मिटून त्यांच्याकडे वळली.

"माफ करा हं ताई. तुमचं एवढं चांगलं काम, माझ्या हातून उगाच बिघडतंय. मी पीएचडी सोडायचं म्हणतेय."

ती माफी मागत होती. ताईंना तिच्याकडे बघवेना. कोटाच्या खिशात आज सकाळीच घातलेलं कार्ड बोटांना लागलं. ते काढून त्यांनी सरांसमोर ठेवलं.

"सर, हिचा हात चांगला आहे. चूक माझी आहे, आणि मला ती वर्षभर माहीत आहे. माझा निबंध आपण मागे घेऊया."