शाबासकीचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे, आणि जुना म्हणून माझी कीव करायला कुणी येऊ नये. माझी लाकडी मूठ अजून धड आहे. खालच्या रबरावर एक तारा आहे आणि त्याच्या पोटात 'शाबास' हा शब्द. त्या एका शब्दाने मी काय करून ठेवलं, तेवढं ऐकून घ्या.

शिक्के करणाऱ्याच्या दुकानात माझे शेजारी होते 'रद्द' आणि 'नामंजूर'. त्यांच्यापेक्षा आपलं नशीब बरं, असं मला वाटायचं. मला न्यायला शाळेच्या मोठ्या बाई स्वतः आल्या. त्या नुकत्याच तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. तिथे शिकवलं होतं, की मुलांच्या चुका शोधत बसू नका; मूल चांगलं वागताना दिसलं, की तिथल्या तिथे कौतुक करा. बाईंनी छडी कपाटावर टाकली आणि मला चौथीच्या वर्गातल्या टेबलावर ठेवलं.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला ते जमलं. चौथीत एक धसमुसळा होता. नळावर सगळ्यांना ढकलायचा. एकदा तो मुकाट रांगेत थांबला. वर्गाच्या बाई त्याच्याजवळ वाकून म्हणाल्या, "आज तू धाकट्यांना आधी पाणी पिऊ दिलंस. मी पाहिलं." मग मी त्याच्या मनगटावर उमटलो. पोराने दोन दिवस तो हात भिजू दिला नाही. काम केलं होतं बाईंच्या वाक्याने, पण हवा गेली माझ्या डोक्यात. वाक्य बोलायला वेळ लागतो, मला टेकवायला लागत नाही. हळूहळू वाक्य गळालं आणि मी तेवढा उरलो.

त्याच वर्गात दोघी मैत्रिणी होत्या. एकीला सगळे चिमणी म्हणत. तिच्या पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट होता आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर. दुसरी उंच, म्हणून ताडमाड. ताडमाड रोज फाटकाशी थांबायची, चिमणीचं दप्तर आपल्या खांद्यावर टाकायची आणि दोघी गप्पा हाणत जिना चढायच्या. वळणावर दम खायला थांबल्या, की काहीतरी आठवून खिदळायच्या. हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

एका सकाळी वर्गाच्या बाईंनी ते पाहिलं आणि कौतुकाने मला ताडमाडच्या मनगटावर टेकवलं. तिथेच माशी शिंकली.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी सहाजण हजर. दप्तराची नुसती ओढाताण. जो जिंकेल तो चिमणीला दंडाला धरून भरभर वर आणायचा आणि बाईंपुढे उभी करायचा. "बाई, आज हिला मी आणलं." चिमणी धापा टाकत असायची, पण तिच्याशी बोलायला कुणाला सवड नव्हती. मी आपला उमटत होतो. शेवटी भांडणं हातघाईवर आली, तेव्हा मोठ्या बाईंनी तोडगा काढला. दप्तर उचलण्याला यापुढे शिक्का मिळणार नाही.

सोमवारी फाटकाशी कुणीच नव्हतं. मंगळवारीही नव्हतं.

चिमणी कठड्याला धरून एकटीच वर यायची, तीही तास सुरू झाल्यावर. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला. मी टेबलावरच होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"माझं काही चुकलं का गं?" चिमणीने विचारलं.

"नाही गं."

"मग येत का नाहीस? आधी तर रोज यायचीस."

"आधी शिक्का नव्हता." ताडमाड मनगट चोळत होती. "आता आले तर सगळे चिडवतील, शिक्क्याची हावरट आली म्हणून. आणि खरं सांगू? मागच्या आठवड्यात बाई रजेवर होत्या, शिक्का द्यायला कुणी नव्हतं, ते दोन दिवस मी एकटीच आले होते ना, तेव्हा मला तुझं दप्तर जड लागलं. आधी कधीच लागलं नव्हतं."

चिमणीने बाकावरचं दप्तर ओढून आपल्या मांडीवर घेतलं.

वर्षाअखेर चिमणीच्या आईने तिला दुसऱ्या शाळेत घातलं. तिथे वर्ग तळमजल्यावर होते. शेवटच्या दिवशी बाईंना आठवलं, की चिमणीच्या हातावर मी कधी उमटलोच नाही. इतरांनी चांगलं वागून दाखवायचं, ते तिच्यावर. तिला कोण शिक्का देणार? बाईंनी घाईघाईने मला टेकवलं. चिमणी "थँक्यू, बाई" म्हणाली, दाराबाहेरच्या नळाशी गेली आणि दप्तर खाली ठेवून तिने मनगट खसाखसा घासलं. शेजारी ताडमाड उभी होती. तिने दप्तराला हात घातला.

"राहू दे," चिमणी म्हणाली. "जड आहे."

त्यानंतर मी कुणाच्या हातावर उमटलो नाही. खणात पडून आहे, शाईची गादी वाळून खडखडीत झाली आहे. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही, खुशाल फेकून द्या. पण कुणाचं कौतुक करायचं झालं, तर त्याच्याजवळ वाका आणि काय पाहिलं ते तोंडाने सांगा. आणि दोघी हसत जिना चढताना दिसल्या, तर बाजूला व्हा आणि त्यांना जाऊ द्या.