माझं तोंड दाराकडे वळलं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनं जहाज आहे. तीन डोलकाठ्या, पत्र्याची शिडं, बारा इवल्या इवल्या तोफा, असा माझा सगळा थाट! पण पाण्याला मात्र मी उभ्या जन्मात कधी शिवलो नाही. हसू नका. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार गावातल्या चर्चमध्ये, छताच्या तुळईला बांधलेल्या अंबाडीच्या दोरीवर मी लटकतो आहे.

मला घडवलं लाउस्ट नावाच्या मच्छीमाराने. एका मार्च महिन्यात त्याची होडी उलटली. उपड्या होडीला मिठी मारून तो सात तास लाटांत होता. "प्रभो, वाचवलंस तर तुझ्या घरात जहाज टांगीन, आणि दर रविवारी त्याच्याखाली येऊन बसेन," असं तो तिथे रडत रडत बोलला. आणि वाचला. मग पुढचा सगळा हिवाळा शेगडीपाशी बसून त्याने मला लाकडातून कोरून काढलं. त्याची बायको सिडसेल हिने शिडांच्या बारीक दोऱ्या वळल्या. पटाशी बोटाला लागली की लाउस्ट माझ्यावर खेकसायचा, आणि लगेच माझी माफीही मागायचा.

आमच्याकडे चर्चमधल्या जहाजाचं तोंड वेदीकडेच हवं. मला टांगायच्या दिवशी पाळकसाहेब खालून सारखे सांगत होते, "जरा डावीकडे घे. अजून जरा!" शिडीवरून लाउस्ट म्हणाला, "पाळकसाहेब, जहाज कुणी चालवायचं, तुम्ही की मी?" सगळं चर्च खो खो हसलं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस!

अंबाडीच्या दोरीचा एक स्वभाव आहे, मित्रांनो. समुद्राकडून येणारा दमटपणा ती पिते आणि आपली आपण पीळ घेते. म्हणून लाउस्ट दर शनिवारी शिडी लावायचा, माझी धूळ पुसायचा आणि माझं तोंड पुन्हा वेदीकडे करायचा. रविवारी माझ्याखालच्या बाकावर बसून तो मोठ्याने, बेसूर गायचा. मला ते गाणं फार आवडायचं.

मग त्याने इंजिनाची होडी घेतली. मासळी भरपूर मिळू लागली. आता तो सिडसेलला दारापर्यंत सोडायचा आणि तिथूनच म्हणायचा, "आज जाळं फाटलंय गं. पुढच्या रविवारी नक्की!"

"तुझा पुढचा रविवार येतो तरी कधी रे?" सिडसेल विचारायची. तो हसून बंदराकडे निघून जायचा.

माणूस वाईट नव्हता हो! शेजारच्या विधवेला तो मोठ्यातला मोठा मासा नेऊन द्यायचा. पण सिडसेल पाळकसाहेबांना सांगताना मी ऐकलंय. घरातली जेवणाआधीची प्रार्थना आधी तोकडी झाली, मग नुसती मान हलवण्यावर आली. पवित्र शास्त्र कपाटावर गेलं आणि तिथेच राहिलं.

इकडे शनिवारची शिडी थांबली आणि मी बोटभर फिरलो. मग आणखी बोटभर. खरं सांगतो, मला स्वतःलाही कळलं नाही. वेदीवरची मेणबत्ती दिसेनाशी झाली, तेव्हा मला वाटलं, कुणीतरी मेणबत्तीच हलवली असेल! नऊ वर्षांत माझं तोंड थेट दाराकडे झालं.

एका ऑक्टोबरात भर दुपारी वादळ उठलं. लाउस्टचा एकोणीस वर्षांचा मुलगा थोगर समुद्रात होता. सिडसेल आधीच चर्चमध्ये येऊन बसली होती. लाउस्ट ओल्या बुटांनिशी धावत आला आणि तिच्याशेजारी गुडघ्यांवर कोसळला. "प्रभो..." एवढंच तो म्हणाला. पुढे शब्दच येईना.

"सिडसेल, मला काही सुचत नाही गं. लाटांत होतो तेव्हा भडाभडा बोललो होतो. आता कुणाशी बोलतोय तेच कळेना."

माझं काळीज तुटलं. त्याने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हे जहाज पाठ फिरवून उभंय! कुणी फिरवलं?"

"कुणी नाही," सिडसेल म्हणाली. "एका दिवसात फिरलं असतं तर गावभर बोभाटा झाला असता. तू यायचा थांबलास आणि ते बोटबोट सरकत गेलं. दोनदा सांगितलं मी तुला. तू म्हणालास, उन्हाळ्यात दोरी सुकली की आपोआप सरळ होईल."

लाउस्टने शिडी आणली. त्याने मला वळवलं, माझ्या धुळीने भरलेल्या अंगाला कपाळ टेकवलं, आणि तेव्हा कुठे त्याला शब्द फुटले. "प्रभो, या वेळी मी नवा काही शब्द देत नाही. मागचाच पाळायचा राहिलाय. माझ्या पोराला सांभाळ. आणि तो नाही आला, तरी मला तुझ्यापासून लांब जाऊ देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बंदरात थोगर सुखरूप सापडला. सगळं गाव आभार मानायला चर्चमध्ये लोटलं. मी मात्र मनातून धास्तावलो होतो. वादळात सगळेच येतात. पुढच्या रविवारी समुद्र शांत होता, मासळी किनाऱ्याला लागली होती, आणि बंदरातून एकेक होडी निघत होती. माझं तोंड आता वेदीकडे असल्याने दार मला दिसत नव्हतं. घंटा झाली. पहिलं गीत सुरू झालं. मग दार करकरलं, जड बूट वाजले, आणि माझ्या अगदी खाली कुणीतरी मोठ्याने, बेसूर गाऊ लागलं.

त्यानंतर लाउस्टचा शनिवार कधी चुकला नाही. आता तो नाही. थोगर शिडी चढतो, तोही म्हातारा झालाय. मित्रांनो, दोरी अजून पीळ घेते. मनाचंही तसंच आहे. प्रार्थना राहून जाते, शास्त्र कपाटावर जातं, आणि माणसाला वाटतं मेणबत्तीच हलली. आपोआप सरळ होईल म्हणून वाट पाहू नका. आज शनिवार आहे, आणि थोगरचे गुडघे दुखताहेत. शिडी धरायला कुणीतरी या.